उणे चाळीस

“हॅलो?... हो, बोल मृणाली... चालू केला ना गं, कधीचाच. तुझ्याच खोलीत बसलोय.”

यावल डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले आधारभाऊ मेहरूणच्या घरी एकटेच राहत. मुलगी मृणाली धुळ्याच्या कॉलेजात शिकवायची, अँटेनावर पीएच.डी. करायची. तिचं सॉफ्टवेअर मात्र घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवरच चाले, आणि आज घरचं इंटरनेट बंद पडल्यामुळे तिला ते धुळ्याहून उघडता येईना. चार वाजता कमिटीसमोर निकाल दाखवायचा होता.

“हिरवं बटण... दाबलं. पट्टी सरकतेय... अगं थांब, ठेवू नको! मध्येच काही आलं स्क्रीनवर, तर मला काय कळणार?... मग सांग ना, आत काय चाललंय ते... म्हणजे अँटेनात एक झटका सोडायचा, आणि तो विरायला किती वेळ लागतो ते बघायचं?... अस्सं! गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यावर हातोडी मारली की घुमत राहतो, तसं... आता आकडा उणे अकरा. उणे चाळीसला झटका विरला म्हणून आपोआप थांबेल ना? बरं.”

चार महिन्यांत ती इतका वेळ फोनवर राहिली नव्हती.

“उणे तेवीस... जेवलीस का?... परत वडापावच?... मी? बठ्ठं ठीक शे. शेजारच्या उषाताईंनी मेथीची भाजी दिली... उणे एकतीस... हो, हो, अगं ऐक ना, तलावाकडचा रस्ता झाला बरं का. तू आलीस की... हो. सेमिस्टर संपल्यावर. माहितीये.”

पट्टी भरली. आकडा उणे चाळीसवर थांबला आणि आलेख उमटला. एक उंच उसळी, मग बारीक लाटा, मग सरळ रेष. आधारभाऊ बघत राहिले.

“अं?... उणे अडतीस. अजून अडतीसच... तुझ्या वर्गातल्या रूपाचं लग्न ठरलं, कळलं का तुला?... नाही, हलत नाहीये... म्हणजे काय, डिझाइनच चुकलं?... दोन वर्षं वाया कशी जातील?... मृणाली, रडू नको. ऐक, ऐक ना. झालंय ते. चाळीस झालं... आत्ता नाही, मघाशीच. मीच बोललो नाही.”

आधारभाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“का म्हणजे... तू फोन ठेवला असतास... हॅलो?... हो. चुकलंच माझं. रेष सपाट आहे गं, अगदी सपाट. फोटो पाठवतो... आला? चांगला आहे ना?... मग झालं तर! जा, उशीर नको... मृणाली, अजून एखादं लावायचं असेल तर सांग. मी बसलोय इथेच... नाही? एवढंच होतं?... बरं, मग—”

फोन कट झाला होता.

कॉम्प्युटर बंद कसा करायचा, हे विचारायचं राहूनच गेलं. पण चार वाजत आले होते. आधारभाऊंनी फोन लावला नाही.