कल्लाप्पानं किताब सोडला नव्हता

माईक जरा खाली घ्या रं. हां, एवढा पुरे.

मंडळी, कुणाच्या घरी गेलं की आधी तब्येत विचारायची, मग बाकीचं बोलायचं, ही आपल्याकडची रीत. आणि ही तालीम म्हणजे कल्लाप्पाचं घरच होतं. म्हणून आधी विचारतो. आक्का, बीपीची गोळी घेतली न्हवं? धाकट्या भावाच्या फोटोला हार घालायची वेळ थोरल्या बहिणीवर यावी, याच्यावर काही गोळी नसते, ते ठाऊक आहे मला. तरी घ्या. सुमन, पोरी, सकाळी दोन घास गेले का पोटात? नुसती मान हलवू नको. नवऱ्यामागं बाईनं उपाशी राहायचं, हे कल्लाप्पाला कधी पटलं नसतं. यल्लाप्पा, तुझा खांदा? तालमीची किल्ली आता तुझ्याकडं आली, खांदा सांभाळ. लोंढ्याहून आलेले मारुतराव, गुडघे काय म्हणतात? जिना चढताना बघितलं मी. ज्या माणसानं एका काळी बैलगाडीचं जू एकट्यानं धरून ठेवलं होतं, तो आज कठडा धरून वर आला. हसू नका, सगळ्यांचं तेच होणार आहे.

आणि तिकडं मागं, खांबाजवळ बसलेले भीमराव. निपाणीहून आलात. साखर आटोक्यात आहे का? तुम्हाला आज अरे म्हणावं का अहो म्हणावं, मला समजेना. तालमीत होतात तेव्हा भीम्या होता. नंतर बँकेत साहेब झाला. मधली सगळी वर्षं गाठच नाही. अहोच म्हणतो.

मी टेलर माणूस. खडेबाजारात मशीन चालवण्यात जन्म गेला. शाळा फार नाही. बाजारातल्या पाट्या वाचत वाचत मराठी अक्षर शिकलो, त्याच पाट्यांवरून कन्नड शिकलो. भाषण करायची सवय नाही. त्यात कल्लाप्पा माझ्यापेक्षा लहान. माझ्या शोकसभेत त्यानं बोलावं, असं आमचं ठरलं होतं. थट्टेत म्हणायचा, ‘मामा, तुम्ही गेलासा की मी पोझ मारून दावतो लोकास्नी, भाषण न्हाय जमत मला.’ उलटं झालं.

आज इथं बसलेल्या तरुण मंडळींना एक सांगतो. तुम्ही आरशाच्या खोलीत, एसी लावून व्यायाम करता. चांगलं आहे. पण हा शरीरसौष्ठवाचा खेळ आपल्या भागात कसा आला, ते कल्लाप्पाच्या आयुष्यावरून सांगता येईल. आधी होती ती लाल माती, कुस्ती, जोर, बैठका. शरीर कमवायचं ते समोरच्याला पाडायला. नुसतं दाखवायला शरीर, हे जुन्या माणसांना पटत न्हवतं. आमचे वस्ताद म्हणायचे, ‘बाईगत आरशात काय बघायलाईस रं?’ मग कुणीतरी रद्दीतून परदेशी पैलवानांचे फोटो आणले, भिंतीला चिकटवले. डालड्याच्या डब्यात सिमेंट ओतून, मधे पाईप घालून वजनं झाली. गणपतीच्या मांडवात, शिवजयंतीला, फळ्यांच्या स्टेजवर स्पर्धा सुरू झाल्या. ज्या वस्तादांनी नावं ठेवली, तेच पुढं पहिल्या रांगेत बसून ओरडायला लागले, ‘मांडी दाव, मांडी.’

स्पर्धेत घालायची ती छोटी चड्डी, ती त्या वेळी कुठं मिळायची नाही. मी शिवायचो, ब्लाऊजच्या सॅटिनची. बाजारात लोक विचारायचे, कुणासाठी हो एवढं तलम? मी म्हणायचो, बेळगावचे वाघ हायत, त्यांच्यासाठी.

काय चॅम्पियन होते एकेक. सगळ्यांची नावं घेत नाही. कोण मिल्ट्रीत गेला, कोण बस चालवायला लागला, कोण अजून दूध घालतो. जिंकलेली ढाल घरात, आणि घर ढालीवर चालत नाही. पण स्टेजवर उभा राहिला की दिव्याखाली तो राजा. कल्लाप्पा त्यातला एक. कंग्राळीचा शेतकऱ्याचा पोरगा. आई लवकर गेली, आक्कानं वाढवला. आणि दुसरा भीमराव. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आई-बाप हमाली करायचे, हा शिकायला बेळगावात आला आणि आमच्या तालमीच्या दारात उभा राहिला. कल्लाप्पानं त्याला आत ओढला. दोघं एका वजनगटातले. दोघं एका ताटात जेवणारे.

आमच्या तालमीची एक पद्धत होती. तेल लावायची. अंगाला तेल आपलं आपण लावता येतं, पण पाठीला हात पोचत नाही. मग वस्तादांनी नेम घालून दिला होता, आपल्या गटातल्या माणसाची पाठ आपण भरायची. म्हणजे ज्याच्याशी आत्ता स्पर्धा आहे, त्याचीच. वस्ताद म्हणायचे, ‘त्याची पाठ आधी तुझ्या हातानं चकचकीत कर, मग वर जा. कमी तेल लावशील तर स्टेजवर चढू नको.’ दुसऱ्या गावचे लोक हसायचे आम्हाला. पण आमच्या पोरांनी कधी कुणाची पाठ कोरडी ठेवली नाही.

आता त्या स्पर्धेचं बोलतो. राज्याची स्पर्धा होती, बेळगावातच. आज इथं माझ्या आधी तिघं बोलले. तिघांनी एकच गोष्ट सांगितली, की कल्लाप्पा एवढा मोठ्या मनाचा, की त्यानं हातात आलेला राज्याचा किताब मित्रासाठी सोडला. टाळ्या वाजवायची सभा नाही, नाहीतर वाजल्या असत्या. मी भीमरावांकडं बघत होतो. ते खाली बघत होते.

मंडळी, ती गोष्ट खरी नाही.

थांबा. आवाज करू नका. काल सुमनला विचारून आलोय मी. ती म्हणाली, ‘सांगा मामा. त्यांच्यावरचं वजन उतरंल.’

झालं ते असं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कंग्राळीत लक्ष्मीची यात्रा होती. ही यात्रा काय दर साली येत नाही. एक पिढी वाट बघते तेव्हा येते. घराघरात पै-पाहुणा, चुलीवर मटणाची पातेली. आणि स्पर्धेला उतरणाऱ्याचा नेम काय? शेवटच्या दिवसात मीठ तोडायचं, पाणी तोडायचं. मीठ पोटात गेलं की कातडीखाली पाणी धरतं, मग अंगावरच्या रेषा पुसून जातात, जशी पाटीवरची अक्षरं ओल्या हातानं पुसावीत. भीमराव त्या दिवशी तालमीतच थांबले. कल्लाप्पा गावाकडं गेला. यात्रेला गेला नसता तर गावानं काय म्हटलं असतं? आणि आक्कानं ताट वाढलं. भाकरी, मटण, वर झणझणीत रस्सा. लेकरागत वाढवलेला भाऊ, गाल बसलेले, ओठ सुकलेले. कुठल्या बहिणीच्यानं बघवलं असतं? म्हणाली, ‘देवीचं हाय, न्हाय म्हणू नको बाबा.’ तो जेवला. पोटभर जेवला. वर तांब्याभर पाणी प्याला.

दुसऱ्या दिवशी दिव्याखाली दोघं उभे राहिले. किताब भीमरावांना गेला. कल्लाप्पा दुसरा.

गावात बोलणी सुरू झाली. ‘आक्कानं खाऊ घालून पोराचा किताब घालवला.’ पाणवठ्यावर, देवळाच्या कट्ट्यावर, जिथं तिथं तेच. आक्का दाराबाहेर पडेना. तेव्हा कल्लाप्पा कट्ट्यावर जाऊन म्हणाला, ‘ताटाचं काय न्हाय वं. माझ्याच मनात न्हवतं जिंकायचं. भीम्याला मिळू दे म्हटलं.’ बहिणीवरचं बोट काढायला एक वाक्य बोलला. पण बोललेलं वाक्य काय परत तोंडात जातंय? ते बाजारात आलं, निपाणीला पोचलं. भीमरावांच्या सत्काराला कुणीतरी शहाणा माईकवर म्हणाला, मित्रानं सोडला म्हणून आपल्या गावाला किताब आला.

भीमराव तसेच कंग्राळीला आले. मी संगट गेलतो. अंगणात कल्लाप्पा उभा, उंबऱ्यात आक्का.

‘तू असं म्हणालास?’

‘म्हणालो.’

‘खरं हाय का ते? तेवढंच सांग.’

कल्लाप्पानं आक्काकडं बघितलं. आम्हाला वाटलं, मोठेपणानं गप्प बसला. भीमराव आले तसे गेले. पुन्हा स्टेजवर चढले नाहीत. दिलेला किताब घेऊन कोण मिरवेल? देशाच्या स्टेजवर दाखवावी अशी ती पाठ, निपाणीच्या कुठल्यातरी टेलरनं शिवलेल्या शर्टाखाली झाकून गेली. याचं वाईट मला टेलर म्हणून वाटतं, आणि माणूस म्हणून जास्त वाटतं.

काही वर्षांमागं तो पहिल्यांदा आजारी पडला, तेव्हा दवाखान्यात दुपारी आम्ही दोघंच होतो. कल्लाप्पा म्हणाला, ‘मामा, एक सांगू का? त्या दिवशी भीम्याच्या पाठीला तेल मीच लावलतो. हात फिरवला आन तिथंच कळालं. दोन खांद्यांच्या मधी बोट बुडंल अशी खाच. माझी पाठ तशी कधीच न्हवती. यात्रेत जेवलो नसतो, उपाशी ऱ्हायलो असतो, तरी मी हारलोच असतो.’

मी म्हटलं, ‘मग बोलला का न्हाईस रं आजपतुर?’

म्हणाला, ‘आधी आक्कासाठी. मागनं... मागनं लोक मला मोठ्या मनाचा म्हणाय लागले. जाईल तिथं नारळ, शाल. गोड लागलं मामा. त्या मटणापेक्षा गोड लागलं. किताब त्याचा, आन कौतुक मी खाल्लं. दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं एवढी वर्षं.’

मी म्हटलं, ‘बरा हो, मग जाऊ निपाणीला.’ म्हणाला, ‘व्हय, जाऊ. मी माझ्या तोंडानं सांगतो.’ बेळगाव ते निपाणी काय लांब आहे हो? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माघारी. पण कधी गणपती आडवा आला, कधी लग्नं, कधी तालमीचं पत्र्याचं काम. वर्षं अशीच गेली. आणि ज्या आठवड्यात जायचं ठरलं, त्या आठवड्यात तो पुन्हा दवाखान्यात गेला, तो घरी आलाच नाही.

मंडळी, कल्लाप्पा लहान माणूस होता असं मी सांगत नाही. शेकडो पोरांच्या पाठी त्यानं घडवल्या. अंग फुगवायच्या सुईच्या औषधाचा रस्ता दाखवणाऱ्याला त्यानं या दारातून हाकलून दिलं. ते सगळं खरंच. त्याच्याबद्दल चांगलं बोलायला तेवढं पुरेसं आहे. जे त्याचं नव्हतं ते त्याच्या नावावर कशाला ठेवायचं? इथून पुढं कुणी ही किताब सोडल्याची गोष्ट सांगितली, तर त्याला थांबवा. सांगा, राज्याची ती स्पर्धा निपाणीच्या भीमरावांनी जिंकली. मेहनतीनं जिंकली. आणि तसं पहिलं म्हणणारा कल्लाप्पाच होता, फक्त त्यानं फार उशिरा म्हटलं.

आक्का, आता तुम्हाला. सुमननं सांगितलं मला, त्या सालापासून तुम्ही यात्रेचं मटण तोंडाला लावलं नाही. भावाचं खोटं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, आणि किताब आपल्याच ताटानं गेला असं तुम्ही मनात धरून बसलात. न्हाय आक्का. तुमच्या ताटानं काही गेलं न्हाय. उपाशी पोराला जेवायला घातलंत, एवढंच केलंत. रडू नका. रडायचं तर रडा, पण त्या गोष्टीसाठी नको.

भीमराव, तुम्ही दारातच मला म्हणालात, ‘मामा, मला बोलायला लावू नका.’ नाही लावत. त्याला माफ करा असंही म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. ज्याला विचारायचं तो आता फोटोत आहे. पण एक मागतो. आज घरी जा. चार दिवस जाऊ द्या, वाटलं तर आठ जाऊ द्या. मग आक्काला चार ओळी लिहा. फोन नको, फोनवर दोघंही रडाल आणि बोलायचं राहून जाईल. काय वाटतं ते लिहा, रागाचं असलं तरी लिहा. आक्कांना वाचता येत नाही, मी कंग्राळीला जाऊन वाचून दाखवीन. त्यांचं उत्तर मी लिहून धाडीन, अक्षर वाकडं असेल, सांभाळून घ्या. आपल्यात आता कुणाकडंच फार दिवस शिल्लक नाहीत, हे आज बघितलंतच. म्हणून उशीर करू नका.

आता सगळे उभे राहू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा. थोडा वेळ कुणी बोलू नका. कल्लाप्पाला निरोप देऊ, जे त्याचं खरं होतं तेवढ्यानिशी.

भीमराव, पत्राची वाट बघतो. लवकर लिहा.