न बघितलेली काठी

माझं माहेर बगा घाटनांदूरकडचं, सासर तेलगावाजवळ, आन नाव कौशल्या, पन तेवीस वर्सं शाळंत खेळ शिकवला म्हनून समदे मला बाईच म्हनत्यात. शाळंत मी शुद्ध बोलायची, घरी आपलं हे असं, मी बोलते तसंच तुमी लिवा, सुधरवू नका. माजे वडील, आन्ना म्हनायचो आमी, शेती करायचे पन खरी वळख पंच म्हनून, जत्रंतल्या कुस्त्यांचा पंच. आसपासच्या गावात कुस्त्या असल्या की आन्नाला बोलवाय मानूस यायचा. कावून म्हनाल तर आन्नानं एकदा भर जत्रंत सख्ख्या पुतन्याला हरलेला दिला, लोक म्हनले पाठ टेकलीच न्हवती, आन्ना म्हनले टेकली. तवापासनं नाव झालं, हा मानूस घरच्यालाबी सोडत न्हाई. तो पुतन्या, माजा चुलतभाऊ, पुन्हा आमच्या उंबऱ्याला आला न्हाई, आन आमच्या घरात त्या गोष्टीचंबी कौतिकच, बगा आन्नाचं इमान. मी त्येच ऐकत वाढले. पाठ खरंच टेकली व्हती का, हे कधी इचारावं वाटलं न्हाई, आता वाटतंय तर आन्ना न्हाईत.

आता तुमी म्हनाल बीड जिल्ह्यात होडीची शर्यत कुठून आली. आमच्याकडं पानी म्हनलं की लोकान्ला टँकर दिसतो. पन धरनाचा फुगवटा हाय की आमच्या अंगाला, आन कालवाबी हाय. मी एकदा खेळाच्या शिबिराला मध्य प्रदेशात नर्मदेवर गेलते, तिथं हा खेळ बगितला आन येडीच झाले. वाहत्या पान्यावर आडवी तार बांधायची, तिला काठ्या लोंबत्या सोडायच्या, दोन काठ्यांचं एक दार. हिरवं दार धारंसंगं उतरत घ्यायचं, लाल दार धारंच्या उलटं वळून, वर चढत. अशी ईसेक दारं, आन खेळाडू एकटा, बारक्या होडीत, मांड्या आत कोंबून, हातात वल्हं. काठीला अंग लागू द्या, वल्हं लागू द्या, होडी लागू द्या, दोन सेकंद जास्तीचे धरत्यात. दारच चुकलं तर पन्नास. काठावर दारादाराला पंच बसतो आन पाटी दाखवतो. पंच म्हनल्यावर माज्या कानात आन्नाचा आवाजच आला, मी दोन जुन्या होड्या मागून आनल्या, आन पंचाची परीक्षाबी देऊन आले. कालव्याचं पानी जिथं पायरीवरनं खाली पडतं तिथं बांबूच्या काठ्या रंगवून टांगल्या. लोक हसले. बाई आता कपडे वाळत घालाय कालव्यावर तार बांधाय लागल्या म्हनले.

तिथंच शीतल आली. मेंढरंवाल्याची पोरगी, बाप मेंढरामागं, आई दुसऱ्याच्या शेतात. ती म्हशीची शेपटी धरून फुगवटा पार करायची, शाळंला उशीर झाला की म्हनायची बाई म्हैस मधीच थांबली. तिला होडीत बसवली. लाल दाराला बाकीच्या पोरी भिऊन लांबनं वळायच्या, ही आतल्या काठीच्या अगदी जवळनं वळायची, काठी आन गाल यांच्यात बोट जाईल एवढीच जागा, पन लागायची न्हाई. मी म्हनायची शितू, अगं मरशील, तर म्हनायची बाई, काठी मला दिसत न्हाई, कळती. नऊ वर्सं ती माज्या हाताखाली. राज्यात जिंकली, देशात नंबरात आली. आन मग निवड चाचनी लागली, परदेशातल्या हंगामासाठी, दोन म्हयने, पाच शर्यती, आन तिच्या गटात पोरींची जागा एकच. तिची आई मला म्हनली, बाई, लगीन दोन वर्सं थांबवलंय म्या, तुमच्या शब्दावर.

त्या चाचनीला मला पंच नेमलं. सतरा नंबरचं दार, लाल. माजीच पोरगी उतरनार तर मी दार बदलून मागायला पाह्यजे व्हतं. सांगितलं असतं तर लगेच बदललं असतं, कुनी न्हाई म्हनत न्हाई. मी मागितलं न्हाई. कावून न्हाई मागितलं, हे मी सोताला लई दिवस खोटं सांगितलं, आता खरं सांगते, मला लोकान्ला दाखवायचं व्हतं, मीबी घरच्याला सोडत न्हाई. सकाळी च्या पिताना एक दुसऱ्या राज्यातला पंच हसत म्हनला, आज मॅडमची मुलगी आहे, सतरावं दार सोपं जानार. समदे हसले, मीबी हसले, पन ते मला डाचलं.

शीतल वरनं आली तवा मी हुभी राहिले. ऊन पान्यावर पडलेलं, डोळे दिपत्यात. ती वळली, नेहमीसारखी, काठीच्या अगदी जवळनं, वल्ह्याचं पानी उडालं, आन तेवढ्यात मला नुसतं पांढरं दिसलं. पानी खाली बसलं तवा काठी हलत व्हती. एवढंच मी बगितलं. काठी पान्यानं हलती, वाऱ्यानंबी हलती. आन सकाळच्या बैठकीत सांगितलं व्हतं, दर येळी सांगत्यात, बगितलं न्हाई तर शून्य, शंका आली तर फायदा खेळाडूचा. मला तोंडपाठ हाय तो नियम, मी पोरान्ला शिकवलाय. पन माजा हात दोनाच्या पाटीकडं गेला. काय सांगू तुमाला, हाताला जसं कुनी धरून नेलं. पाटी वर केली आन मला अभिमान वाटला, हां, अभिमान, खोटं कशाला बोलू. ती एक सेकंद आन वर जरासं, एवढ्यानं पुढं व्हती. दोन सेकंद धरल्यावर मागं गेली. उत्तरंकडच्या डोंगरातली एक पोरगी, नीलम, तिची निवड झाली.

शीतल भिजलेली तशीच माज्याकडं आली. रडत न्हवती. म्हनली बाई, लागली का हो, मला अंगाला कळलंच न्हाई. आता इथं तरी मी म्हनू शकले असते की शितू, मी बगितलं न्हाई, चल, वर सांगू, दुरुस्त करू. तितका येळ व्हता, तक्रारीला मुदत असती. मी म्हनले लागली. आन तेवढ्यावर थांबले न्हाई, म्हनले खांद्याला लागली, डाव्या. कावून म्हनले डाव्या, देवाला ठाऊक, खोट्याला टेकू लागतो. तिनं डावा खांदा चोळला आन म्हनली, हां, लागली आसंल बाई, तुमी बगितलंय म्हनल्यावर.

मग काय, माजं नावच झालं. सोताच्या शिष्येला सोडलं न्हाई, पंच असावा तर असा. पोरींसंगं एक बाई मानूस पाठवायचंच व्हतं, तर त्यांनी मलाच धाडलं. जिला जायचं व्हतं ती मेंढरं राखत राहिली आन मी इमानात बसले. निघताना शीतलच्या आईनं जवसाची चटनी आन धपाटे बांधून दिले, शीतल म्हनली बाई, तिथल्या दारांचे व्हिडिओ पाठवा, मला बगून शिकायचंय. मी तिच्या डोक्यावर हात ठिवला. त्या हाताला काय लाज वाटली न्हाई तवा.

दोन म्हयने, तीन देश, थंडी अशी की जुलै म्हयन्यात मी दोन स्वेटर घालायची. एका गावात तर नदीच शिमिटाची, खालचं पानी पंपानं वर चढवायचं आन खेळाय खाली सोडायचं, संध्याकाळी बटन दाबलं की नदी बंद, घडीभरात खाली कोरडा हौद. मी तिथं हुभी राहून बगतच राहिले, म्हनले आमच्याकडं हे बटन असतं तर. नीलम पोरगी चांगली हो, तिचा काय दोष, तिचा नंबर खालनंच मोजावा लागायचा पन जीव तोडून वल्हवायची. एक दिवस माज्या पाया पडली आन म्हनली, मॅडम, तुमी इमानदार नसता तर मी इथं नसते. मी तिला उठवलं, आन खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी पयल्यांदा मला माजी लाज वाटली.

शीतलला मी रोज व्हिडिओ पाठवायची. ती टेकाडावर जाऊन बगायची, गावात रेंज न्हाई. तिचा आवाज यायचा फोनवर, मागं मेंढरं वरडत असायची, म्हनायची बाई, चार नंबरच्या दाराला ती गोरी पोरगी किती जवळनं गेली, मी असते तर डाव्या खांद्यानं लागलेच असते. दर येळी डावा खांदा. मी म्हनायची हां.

चौथ्या शर्यतीत एक म्हातारी पंच भेटली, सत्तरीची आसंल, घडीची खुर्ची, मांडीवर डबा. तिच्याच देशाची पोरगी आली, काठीजवळनं सपकन गेली, काठी हलली. म्हातारीनं पाटी काही उचलली न्हाई. मी नीलमला मधी घालून इचारलं, हिला इचार, काठी हलली की. म्हातारी म्हनली, हलताना बगितली, लागताना न्हाई बगितली, जे बगितलं न्हाई ते मी लिवत न्हाई. मी म्हनले पन लोक म्हनतील ना, तुमच्या देशाची हाय म्हनून सोडली. तिला तो सवालच कळला न्हाई. नीलमनं दोनदा सांगितलं तरी तिनं खांदे उडवले आन पुढच्या खेळाडूकडं बगाय लागली. लोक काय म्हनतील हे तिच्या कामातच न्हवतं. मला तवा कळलं की मी काठीकडं बगतच न्हवते, मी काठावरच्या लोकांकडं बगत व्हते. मी त्या दिवशी जेवले न्हाई. चटनीचा डबा उघडला आन तसाच बंद केला.

आल्यावर सांगायचं ठरवलं व्हतं. पन इमानतळावर हार, शाळंत सत्कार, आन शीतलच सगळ्यात पुढं टाळ्या वाजवाय. कसं सांगू. आज सांगते, उद्या सांगते, अशी दोन वर्सं गेली. आन त्या दोन वर्सात काय झालं ते ऐका, हे खरं पाप. शीतल काठीला भ्याय लागली. डावी बाजू आली की लांबनं वळायची, हातभर लांबनं. पुढच्या चाचनीत तिला एकबी काठी लागली न्हाई, पान्यातनं निघून हसत आली, बाई, बगा, एकबी न्हाई. आन वेळ बगितला तर चार सेकंद मागं. लांबनं वळलं की येळ जातो, कुनालाबी सांगा. तिची जी एक गोष्ट देवानं दिलेली व्हती, काठी कळायची ती, मी एका शब्दानं काढून घेतली. आन तीच आता बारक्या पोरींना कालव्यावर शिकवती. मी काठावर बसलेली असायची आन ती पोरींना सांगायची, डावा खांदा सांभाळा ग, माज्यावानी करू नका, माजा खांदा लागला म्हनून माजा हंगाम गेला. रोज सांगायची. माजी चूक ती आपली म्हनून पोरींना शिकवायची आन मी तिथं बसून मान हलवायची.

यंदा पुन्हा चाचनी लागली. तिचं वय बगता ही शेवटचीच, पुढं घरचे थांबनार न्हाईत. गेल्या म्हयन्यात कालव्याला पानी सुटलं, तिनं सकाळी एक फेरी मारली, तीच लांबनं. मला काय झालं की मी तशीच साडी वर खोचून पान्याच्या कडंला गेले आन वरडले शितू, बाहेर ये. आली. मी म्हनले शीतल, त्या दिवशी काठी लागली न्हाई. म्हनजे लागली का न्हाई मला ठाऊकच न्हाई, मी बगितलंच न्हाई, पानी उडालं व्हतं. शून्य द्यायला पाह्यजे व्हतं. डावा खांदा मी मनानं सांगितला. लोक म्हनतील पोरीची तरफदारी केली, ह्या भ्यानं मी तुजा हंगाम घालवला. हे समदं एका दमात म्हनले.

तिच्या हातातल्या वल्ह्यावरनं पानी गळत व्हतं. बारक्या पोरी बगत हुभ्या. मला वाटलं मारंल, शिवी देईल, द्यावी असंबी वाटलं. तर ती म्हनली, बाई, मग मला कळत व्हतं ते बरोबर व्हतं? मी म्हनले बरोबर व्हतं. तर तिनं डोळे मिटले जरा. मग म्हनली, दोन वर्सं मी माज्याच अंगावर भरोसा ठिवला न्हाई. मी हात जोडले. ती म्हनली हात नका जोडू बाई, मला तुमच्याकडनं आता काय बी नको. फक्त उद्यापासनं काठावर बसू नका.

न्हाई जात मी. आज एकवीस दिवस झाले. यंदा चाचनीला पंच म्हनून बोलावनं आलं व्हतं, कळवलं की माजी नजर बरोबर न्हाई, दुसरं कुनी घ्या, आन दोन वर्सामागच्या त्या चाचनीचं खरं काय ते त्याच कागदावर लिवून धाडलं. उत्तर आलं न्हाई अजून. गावात कुजबूज हाय, बाईनं असं केलं व्हतं म्हनं, ज्यांनी हार घातले तेच आता तोंड फिरवून जात्यात, जाऊ द्या, त्यांच्याचसाठी केलं व्हतं मी. शीतल बोलत न्हाई, रस्त्यात दिसली तर मान खाली घालती, मानूस चांगलं हाय म्हनून अजून लाजती. बारक्यातली एक पोरगी परवा दूध घ्याय आली तवा म्हनली, बाई, ताई आता काठीच्या एवढं जवळनं जाती की आमाला भ्या वाटतं. मी तिला आत बोलावून पुन्हा सांग म्हनले, तिनं पुन्हा सांगितलं, मी रडले. परवा चाचनी हाय. ती निघंल सकाळच्या गाडीनं, मी खिडकीतनंच बगीन. जिंकू दे माजी शितू. मी तिथं नसंन, तेच बरं. तिच्या दाराला बसलेल्या पंचाला देव एवढीच बुद्धी देवो की पोरगी कुनाची हाय ते त्याला ठाऊक नसावं.