उन्हाकडचा गाल

...आणि ती औषधाच्या दुकानातली बाई मला विचारते, ‘काका, तुमची त्वचा कुठल्या प्रकारची?’ आता तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय, लोकांनी मला क्लच विचारलाय, गिअर विचारलाय, एकीनं तर चालत्या गाडीत ब्रेक कुठला ते विचारलंय, पण त्वचेचा प्रकार? असते आपली अंगावर!

गेलो कशाला, तर पंधरा दिवसांवर मुलीचं लग्न आणि आमचं तोंड हे असं... शिकणारा स्टिअरिंगवर, मी जन्मभर डावीकडच्या खिडकीशी, त्यामुळे डावा गाल पार करपलेला, उजवा गोरापान. मुलगी म्हणाली, ‘बाबा, फोटोत तुम्ही एकटेच दोघं दिसाल, सनस्क्रीन तरी लावा.’ लेकीचा शब्द, मोडणार कसा?

तर बाई म्हणते, ‘तेलकट असेल तर जेल, कोरडी असेल तर क्रीम. आणि तीसवालं की पन्नासवालं?’ म्हटलं, गल्लीत तीसच्या वर मी कुणाला जाऊ देत नाही. पण प्रकार? म्हणे तोंड धुवा, तासभर थांबा, टिश्यू पेपर दाबून बघा. बघितला. डाव्या गालाच्या कागदातून बायकोनं पलीकडचं कॅलेंडर वाचून दाखवलं. उजव्याचा कागद कोरडा ठणठणीत. परत दुकानात... ‘काका, मग त्वचा कुठल्या प्रकारची?’ म्हटलं, कुठल्या गालाची?

‘दोन ट्यूब घ्या,’ म्हणाली. मी म्हटलं, छे, डाव्याला जेल लावतो आणि उजव्याला ऊन खाऊ देतो, होईल बरोबरी. पण ऊन तर माझ्या डाव्या खिडकीतून! मग काय, गाडी उलटी घेत मागे बघितलं की खिडकीतलं ऊन उजव्या गालावर... पंधरा दिवस सगळ्या वर्गाला रिव्हर्स शिकवला हो! एक आजोबा अजून घरी मागे मागेच जातात. बायको म्हणाली, ‘अहो, आता पुरे.’ ऐकतोय कोण?

रिव्हर्समध्ये मान मागे वळवून बसावं लागतं, हे लोकांना शिकवणारा मीच. लग्नाच्या आदल्या दिवशी ती वळलेली मान तशीच अडकली. उजवीकडे. कायमची. मांडवात जावई माझ्या डावीकडे उभा, आणि मी प्रत्येक फोटोत त्याच्याकडे पाठ फिरवून लांब कुठेतरी बघतोय. बिचारा अजून मुलीला विचारतो, ‘बाबांना मी पसंत नाही का गं?’

आणि फोटोत गाल आलाय एकच... डावा.