फार्मिंग झोनमधली शाळा

माझं नाव फिलोमिना, पण इथे सगळे फिल म्हणतात. पुरुषाचं नाव वाटतं ना? वाटू दे, फिल नावाने ईमेल टाकला की कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, उत्तर जरा लवकर येतं, असा माझा अनुभव आहे. जन्म वसईचा, केळीच्या वाडीतला, बाबा केळी करायचे नि थोडी पानवेल, आम्ही चौघी बहिणी, त्यात मी तिसरी आणि सगळ्यात तोंडाळ. आई म्हणायची हिला कोण करून घेणार, ही तर फादरशी पण हुज्जत घालते. डी.एड. केलं, गावातल्याच मराठी शाळेत पहिली-दुसरी शिकवली, एकेका वर्गात साठ साठ पोरं, मग ऑस्टिनशी लग्न झालं नि इकडे आले. ऑस्टिनचं काम कोल्ड स्टोरेजच्या मशिनरीचं. पहिली काही वर्षं मेलबर्नला, ट्रुगानिनात होतो, तिथे काय हो, चार घरं सोडून आपलंच माणूस, कढीपत्ता संपला की चप्पल घालायची नि मागून आणायचा. मी तिथे परत शिकून इथलं टीचरचं रजिस्ट्रेशन पण घेतलं. मग ऑस्टिनला फळांच्या पॅकिंगवाल्यांकडे नोकरी लागली नि आम्ही या गावात आलो, मेलबर्नपासून तीन तास, गावाचं नाव तेवढं लिहू नका, केस चालू आहे.

गाव म्हणजे काय, एक पब, एक पोस्ट, एक सायलो, म्हणजे धान्याची उंच कोठी, फुटीचं, म्हणजे इथल्या फुटबॉलचं, ग्राउंड आणि एक सरकारी शाळा. ती शाळा आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी बंद केली. मुलं कमी झाली म्हणे. अहो, कमी झाली म्हणजे संपली का? आहेत ती काय माळ्यावर ठेवायची? माझी रेचल तेव्हा सात वर्षांची, तिला बसने दुसऱ्या गावी जावं लागायचं, तासभर जायला, तासभर यायला, आणि गुरप्रीतचा धाकटा, गुरप्रीत म्हणजे आमच्या शेजारचा नाशपातीच्या बागेवाला, पंजाबी, देवमाणूस, तर त्याचा धाकटा रोज बसमध्ये ओकायचा. रोज. त्याची बायको दप्तरात जास्तीचा शर्ट घालून द्यायची. मी आमच्या आमदाराला लिहिलं, शिक्षण खात्याला लिहिलं, सगळ्यांची छान छान उत्तरं आली. बस तशीच चालू.

मग कोरोना आला. शाळा घरून, कॉम्प्युटरवर. मेलबर्नवाल्यांना सोपं होतं हो, इथे बागांमध्ये नेट म्हणजे आलं तर आलं. गावात एकाच जागी चांगलं नेटवर्क, सायलोच्या मागे. काय सांगू तुम्हाला, मी दूध आणायला निघाले तर तिथे चार गाड्या ओळीने उभ्या, काचा वर, मास्क लावलेले आईबाप पुढच्या सीटवर नि मागे पोरं मांडीवर लॅपटॉप घेऊन. गुरप्रीतची दोन्ही पोरं त्याच्या युटमध्ये, त्या टेम्पोसारख्या गाडीत, बसून भागाकार करत होती, नि स्क्रीन मध्येच गोठली की मोठा काचेवर डोकं आपटायचा. मी दूध न घेताच घरी आले. ऑस्टिनला म्हटलं, मला राग येतोय. तो म्हणाला तुला कधी येत नाही? मी म्हटलं हा तसला नाही, हा राहणारा आहे.

लॉकडाउन सुटल्यावर सहा घरांतली आईबापं गुरप्रीतच्या अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून बसली, नि ठरलं की आपण आपली शाळा काढायची. छोटी, गावाची, अकरा मुलांची. तसा कायदा आहे इथे, सरकारची परवानगी घेऊन लोकांना शाळा काढता येते. शिकवायला मी होतेच. जुन्या शाळेची इमारत मागितली, तर ती विकायला काढलीय म्हणाले. गुरप्रीत म्हणाला, भाभी, टेन्शन मत लो, मेरा पुराना पॅकिंग शेड है ना. चांगली पक्की शेड, संडास आहे, पाणी आहे, उजेड भरपूर. आम्ही रंग काढला, फरशी घासली, ऑस्टिनने पंखे लावले.

आता यात झोनिंगची भानगड आहे ती ऐका. इथे जमिनीचा प्रत्येक तुकडा नकाशात रंगवून ठेवलेला असतो, हा राहायला, हा दुकानाला, हा शेतीला. आमचा तुकडा फार्मिंग झोन. म्हणजे नाशपाती लावा, कोंबड्या पाळा, गाईगुरं बांधा, कोणी विचारणार नाही, पण अकरा मुलांना बाराखडी, म्हणजे एबीसी हो, शिकवायची असेल तर कौन्सिलचं परमिट पाहिजे. आणि ते परमिट नसेल तर शाळेचं रजिस्ट्रेशन पण नाही. आम्ही अर्ज टाकला होता. फोनवर कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यातली मुलगी गोड बोलली, म्हणाली बघतो, काही महिने लागतील.

आणि मग आम्ही केलं ते उद्घाटन. आमच्या वसईत कसं आहे, नवी विहीर असो, नवी रिक्षा असो, आधी फादर येऊन पवित्र पाणी शिंपडून जातात, केक कापतात, चार माणसं गोड खातात, मग त्या वस्तूला हात लावायचा. कागद काय, मागून येतो. मला यात काही वावगं वाटलंच नाही. शेजारच्या गावातून फादर आले, मास्क लावून आशीर्वाद दिला, गुरप्रीतने अरदास केली, लाल रिबन लावली, ती सगळ्यात छोट्याने कापली. दारावर मोठा बोर्ड, स्कूल लिहिलेला. फोटो चांगला यावा म्हणून मीच मुलांना टेबलांशी बसवलं, म्हटलं वह्या उघडा, हसा. रेचल म्हणत होती, मम, धिस इज सो एम्बॅरसिंग. पण तिनेच माझ्या फोनवरून तो फोटो गावाच्या फेसबुक पेजवर टाकला.

आठवड्याच्या आत ती प्लॅनिंगवाली दारात. हातात फोटो. म्हणाली तुम्ही परमिटशिवाय शाळा चालवताय. मी म्हटलं बाई, शाळा भरलेली नाही, फक्त आशीर्वाद दिलाय. ती म्हणाली फोटोत मुलं अभ्यास करताहेत. मी म्हटलं ती फोटोसाठी बसलीत. ती म्हणाली बोर्ड आहे. मी म्हटलं आमच्याकडे पोराचं नाव बारशाला ठेवतात, शाळेत घालेपर्यंत थांबत नाहीत. ती बिचारी हसली, पण नोटीस चिकटवून गेली, शेडचा वापर बंद. लोक अजून म्हणतात, फिल, ते उद्घाटन चुकलं तुझं. म्हणोत. मी काही चोरून केलं नव्हतं, अख्ख्या गावाला बोलावून केलं होतं, उद्या परत करायचं झालं तर परत करीन, या खेपेला मोठा केक आणीन.

तक्रार केनने केली होती. केन म्हणजे शेडच्या पलीकडचा चेरीवाला, म्हातारा, जन्मापासून इथलाच. मी तशीच गेले त्याच्याकडे, कुंपणाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. म्हटलं केन, तुला आमच्या पोरांनी काय केलं? तो म्हणाला पोरांशी माझं भांडण नाही, मेट. मला फवारणी करावी लागते. आज तुझी शाळा आली, उद्या एखाद्या पोराला खोकला झाला की म्हणतील केनचं औषध उडालं, मग फवारणी बंद, मग बाग बंद, ही झाडं माझ्या वडिलांनी लावलीत. खोटं नव्हतं त्याचं. माझे बाबा पण फवारायचे, आम्हाला घरात कोंडायचे तेव्हा. मी म्हटलं शाळेच्या वेळात फवारू नकोस, पहाटे फवार, आम्ही लिहून देतो की तक्रार करणार नाही. तो म्हणाला तू देशील, तुझ्यानंतर येणारी देईल का? मी म्हटलं अरे, पण तू ज्या शाळेत शिकलास ती बंद झाली, तुला काहीच वाटत नाही? तो म्हणाला मी चौदाव्या वर्षी सोडली, माझं काही अडलं नाही. तिथे मात्र माझं डोकं फिरलं, मी म्हटलं तुझं अडलं नाही कारण सोडायला तुला शाळा तरी होती. आणि वळून चालायला लागले. घरी येऊन रडले, ते वेगळं.

मग कौन्सिलने एकेक काढायला सुरुवात केली. रस्त्यावरच्या गाड्यांचा रिपोर्ट आणा. वणव्याचा रिपोर्ट आणा. संडासाची टाकी किती मुलांची, त्याचा रिपोर्ट आणा. गाड्या लावायला डांबरी जागा करा, आणि ती किती, तर शेडपेक्षा मोठी! अहो अकरा मुलं, सहा घरं, त्यातली दोन घरं चालत येणार. अकरा मुलांपैकी गाडी कोण चालवतो? नाकी नऊ आले, पण आम्ही सगळं आणलं. वणव्याचं तर गुरप्रीत म्हणाला, भाभी, आग लगी तो सबसे पहले यही शेड बचेगा, चारों तरफ पानी की पाइप है. ते पण लिहून दिलं.

शेवटी मीटिंग झाली, ऑनलाइन. सगळे कौन्सिलर आपापल्या स्वयंपाकघरात बसलेले, एकाच्या मागे बायको भांडी लावतेय. मला तीन मिनिटं दिली. मी लिहून नेलेलं सगळं बाजूला ठेवलं नि म्हटलं, तुम्ही म्हणता शेतीच्या जमिनीवर शाळा नको. मग शेतकऱ्यांच्या पोरांनी शिकायचं कुठे, समुद्रात? शाळा गेली की तरुण कुटुंबं जातात, ती गेली की फळं कोण काढणार, मग हा फार्मिंग झोन नकाशात रंगवून भिंतीवर लावा. ऑस्टिन बाजूला बसून माझा हात दाबत होता, हळू घे, हळू घे. मी नाही घेतलं हळू. मग एक कौन्सिलर म्हणाली आयडिया आम्हाला फार आवडली, पण जागा चुकीची आहे. मी म्हटलं बरोबर जागा सांगा, उद्या तिथे जाते. तेवढ्यात माझी वेळ संपली. एक जण सोडून सगळ्यांनी विरोधात हात वर केले. परमिट नाकारलं.

रेचल दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, सो, बॅक टु द बस? मी म्हटलं नाही. बस नाही.

आम्ही काय केलं, सहाही घरांनी आपापल्या मुलांची होमस्कूलिंगची नोंदणी केली. घरी शिकवायला इथे रीतसर परवानगी मिळते, त्याला झोन लागत नाही. आणि मुलं घरी शिकतात, पण त्यांनी कुठे बसून शिकायचं हे काही कोणी ठरवलेलं नाही. फुटीच्या ग्राउंडशेजारी पत्र्याखाली पिकनिकची बाकं आहेत, सार्वजनिक. सोमवारी सकाळी आम्ही तिथे बसलो. गुरप्रीत युटमधून फळा आणतो, दुपारी परत नेतो. नियम तर सांगतातच ना, कोरोना आहे, खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा, आम्ही तर भिंतीच ठेवल्या नाहीत. थंडी वाजते, वाऱ्याने कागद उडतात, मॅगपाय, इथले कावळ्यासारखे काळे-पांढरे पक्षी, डब्यातलं सँडविच पळवतात, पण गुरप्रीतचा धाकटा आता ओकत नाही. पाढे म्हणतो, माझ्याकडून मराठी चालीत शिकलाय, बे एके बे.

ती प्लॅनिंगवाली आली एकदा. उभी राहून बघत होती. म्हणाली फिल, हे काय चाललंय? मी म्हटलं पिकनिक. म्हणाली रोज? मी म्हटलं आम्हाला फार आवडते. ती म्हणाली फळा रात्री इथे ठेवू नका, तेवढं बघा, नि गेली. मला ती वाईट वाटत नाही, नोकरी आहे तिची.

आता अपील केलंय, वरच्या ट्रिब्युनलमध्ये, सुनावणी व्हायचीय. जिंकू का? सांगता येत नाही. आमचा वकील म्हणजे गुरप्रीतचा मेहुणा, तो म्हणतो केनच्या मुद्द्यात दम आहे. असेल. केन अजून आमच्या विरोधातच आहे. रस्त्यात समोरून आला की स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो, इथली नमस्काराची पद्धत, मी पण करते. भांडण आहे, पण ओळख मोडलेली नाही. हरलो तर दुसरी जागा शोधू, परत अर्ज टाकू. मी काही थकलेली नाही. देव या पोरांचं भलं करो, नि त्या कौन्सिलचं पण करो, पण आधी पोरांचं.

गेल्या सोमवारी एक नवी बाई आली, डेअरीवर कामाला आलंय ते कुटुंब, हाताला धरून एक लाजाळू मुलगी. म्हणाली इथे शाळा आहे असं ऐकलं, नाव कुठे घालायचं? मी म्हटलं नाही हो, इथे शाळा नाही, कौन्सिलला विचारा, लेखी देतील. ती बिचारी गोंधळली, परत जायला वळली. मी त्या मुलीला म्हटलं, ए बाळा, उद्या नऊ वाजता. डबा, टोपी नि पाण्याची बाटली आण.