मृगातला डाग

आवडी तान्हीला घेऊन महाडच्या फोटोवाल्याकडे बसली होती. लेकीच्या गालावरचा डाग फोटोत दिसू नये, असं तिनं आल्याआल्याच सांगितलं होतं. तिच्यापुढं पोतनीस मास्तर उभे होते.

“नझीरमियाँ, माझी फोटोची काच?”

“तयार हाय, मास्तर. चांदण्या अगदी लख्ख. मधला धुरकट डाग तेवढा खरवडून टाकला.”

“अहो, तो डागच हवा होता. मृगातला तेजोमेघ तो. तीन हिवाळे दुर्बिणीला कॅमेरा बांधून बसलो, तेव्हा कुठं उमटला.”

“या अल्ला. मला वाटलं, तुमचा अंगठा लागला.”

“पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं होतं.”

“आता परत कधी गावंल?”

“आज दिवेलागणीनंतर. आभाळ निवळ असलं तर.”

“मग मी येतो मदतीला. खरवडायचं पातं इथंच ठेवून.”

नझीर आवडीकडे वळला.

“हां बाय, कुठला डाग घालवायचा?”

“ऱ्हाऊ द्या, भाईजान. हाय तसाच येऊ द्या.”