पैनगंगा पहिल्या नंबरावर

मित्रा : मॅडम, एक विचारू का? रागावणार नसाल तर. फोनवर फरशीला फरशी जोडून गावं वसवायचा तो गेम आहे ना, त्यात आपल्या किनवटच्या यादीत सगळ्यात वर ‘पैनगंगा’ नाव आहे ना, ते तुम्हीच का?

प्रेमला मॅडम : हे तू विचारतेयस, की विहाराच्या पायरीवर बसलेल्या त्या तिघी?

मित्रा : त्यांनी पैज लावली मॅडम. म्हणल्या, संघमित्रा, तुझ्यात दम नाही, मॅडमसमोर गेलीस की तुझी बोबडी वळते. मग आले.

प्रेमला मॅडम : वळली का?

मित्रा : अजून तरी नाही.

प्रेमला मॅडम : मग उत्तर घे. हो, मीच. आता तुझा हंडा पुढं सरकव. गुणाबाईनं तिची घागर पुन्हा मध्ये घुसवलीय. टँकर आला की मग भांडत बसशील.

मित्रा : खरंच तुम्ही? अहो, दहावीत माझ्या दप्तरात नुसता फोन वाजला, तर तुम्ही जप्त केला होता.

प्रेमला मॅडम : तो वर्ग होता. ही टँकरची लाइन आहे. शिवाय मी आता रिटायर झालेय, बादली पालथी घालून बसलेली एक बाई आहे. तुम्हाला पत्ता कसा लागला ते सांग.

मित्रा : ज्या दिवशी टँकर उशिरा येतो त्या दिवशी पैनगंगाचा स्कोअर वाढतो. मागच्या आठवड्यात टँकर आलाच नाही, तर तुम्ही लई वर गेलात. आणि तुम्ही फोन नाकाला लावून गालात हसून राहता, ते तर सगळ्या गल्लीला दिसतं.

प्रेमला मॅडम : भूगोलात एवढी बारीक नजर दाखवली असतीस तर बोर्डात आली असतीस.

मित्रा : इतिहास-भूगोलात मिळून ब्याण्णव आहेत मला.

प्रेमला मॅडम : माहीत आहे. पेपर मीच तपासत होते तुझे, सहामाहीपर्यंत. आता जा, सांग त्यांना. जिंकलीस.

मित्रा : जाते ना. पण मॅडम, एवढा स्कोअर होतो कसा? मी नऊ हजाराला अडकून राहिले. कितीही खेळले तरी तिथंच.

प्रेमला मॅडम : दाखव. चालू गेमच दाखव. हं. अरे बापरे. हा आगगाडीचा रूळ कुठं नेलास तू?

मित्रा : कुठं म्हणजे, जागा होती तिथं.

प्रेमला मॅडम : जंगलाच्या पोटात नेऊन बुडवलास. फरशीच्या बाकी कडांना घर, शेत, जंगल काहीही असो, रूळ आणि पाणी ह्या दोन बाजूंचं वेगळं असतं. शेताला शेत नाही जुळलं तर नुसते मार्क जातात. पण रुळाला रूळच लागतो आणि नदीला नदीच, गेम दुसरं काही लावूच देत नाही. म्हणून त्यांची तोंडं कायम बाहेरच्या अंगाला ठेवायची. मोकळ्या माळाकडं. आत वळवलीस की कोंडलीस.

मित्रा : मला वाटलं मध्ये रूळ असला की छान दिसेल. किनवट स्टेशनसारखं.

प्रेमला मॅडम : छान दिसायला खेळतेस की स्कोअरला?

मित्रा : दोन्हीला.

प्रेमला मॅडम : मग नऊ हजार बरे आहेत. पुढं ऐक. फरशी हातात आली की पहिल्या बसेल त्या जागी टाकतेस तू. दिसतंय मला. घाई कसली? ह्या गेमला घड्याळ नाही. फरशी फिरवायची, सहाही बाजूंनी. आणि खाली कोपऱ्यात पुढच्या फरश्या दिसतात, त्या बघायच्या.

मित्रा : त्या दिसतात होय? मला वाटलं ती जाहिरात आहे.

प्रेमला मॅडम : संघमित्रा.

मित्रा : सॉरी मॅडम.

प्रेमला मॅडम : आणि एक बाजू भंगाराला ठेव. कुठंच न बसणाऱ्या फरश्या येतातच. त्या चांगल्या गावात कोंबायच्या नाहीत. माझ्या फोनवर ही डावीकडची बाजू बघ, निव्वळ उकिरडा आहे. म्हणून उजवीकडं सगळं नीट.

मित्रा : ह्या गावावर झेंडा कसला आहे?

प्रेमला मॅडम : मागणी. ह्या गावाला अजून इतकी घरं जोडा, म्हणजे बक्षीस म्हणून नव्या फरश्या मिळतील. गठ्ठा संपला की गेम संपला, त्यामुळं खरा जीव त्या फरश्यांत आहे. स्कोअर आपोआप येतो. झेंडे एकावेळी एक-दोनच धरायचे. तू पाच धरलेत आणि एकही पुरा नाही. थांब, पण हे काय आहे? ही मधली जागा रिकामी का?

मित्रा : ती ठेवलीय.

प्रेमला मॅडम : कशासाठी?

मित्रा : अहो मॅडम, तिच्या सहा बाजू बघा. घर, जंगल, घर, शेत, जंगल, माळ. ह्याच क्रमाची फरशी आली ना, सहाही बाजू एका झटक्यात. लई मोठा बोनस.

प्रेमला मॅडम : आली का कधी?

मित्रा : अजून न्हाई.

प्रेमला मॅडम : आणि ह्याच्या आधीच्या गेममध्ये?

मित्रा : त्यातही ठेवली होती अशी एक. दर गेममध्ये ठेवते.

प्रेमला मॅडम : मग मधल्या काळात ज्या फरश्या येतात, त्या?

मित्रा : त्या लांब लांब लावते. मध्ये अडचण नको म्हणून.

प्रेमला मॅडम : म्हणजे येणाऱ्या एका फरशीसाठी आलेल्या सगळ्या फरश्यांचं वाटोळं. इथंच अडकतेस बघ तू. रुळाचं सोड, हेच.

मित्रा : पण रिकामी जागा तुम्ही पण ठेवता. आत्ताच दिसली मला.

प्रेमला मॅडम : ठेवते ना. पण जिथं तीन-चार तऱ्हेच्या फरश्या बसतील अशी. जिथं गठ्ठ्यातली एकच बसणार, ती जागा नव्हे, ते खूळ. हातातल्या फरशीच्या चार बाजू जुळतायत ना आत्ता? मग टाकायची आणि पुढं जायचं.

मित्रा : दोन बाजू चुकल्या की मला कसंतरी होतं.

प्रेमला मॅडम : होऊ दे. पहिल्या नंबरावर बसलेल्या बाईला पण होतं. बाकी तुझं काय चाललंय? अकरावीला कुठं?

मित्रा : अकरावी न्हाई, पॉलिटेक्निकला नंबर लागला. नांदेडला, गव्हर्मेंटला. सिव्हिल.

प्रेमला मॅडम : आणि हे तू मला आत्ता सांगतेस? फरश्या झाल्यावर? वा, वा. कधी जाणार?

मित्रा : शनिवारपर्यंत जाऊन नाव पक्कं करायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पण बाबा थांब म्हणून राहिले. त्यांचं म्हणणं, किनवट जिल्हा झाला की पॉलिटेक्निक इथंच येणार. तवर इथं अकरावी कर, एका वर्षाचा तर सवाल आहे, घरचं खाऊन शिकशील.

प्रेमला मॅडम : तुझे बाबा तहसीलात ना? काय म्हणतात तिथं जिल्ह्याचं?

मित्रा : फाईल मुंबईला गेली म्हणतात.

प्रेमला मॅडम : मी नोकरीला लागले तेव्हाही ती मुंबईलाच होती.

मित्रा : मॅडम, तुम्ही बोला ना बाबांशी. तुमचं ऐकतील. तुमच्यासमोर ते खुर्चीवर पण बसत नाहीत.

प्रेमला मॅडम : नाही. तुमच्या घरातलं मी बोलणार नाही. तू फरश्यांचं विचारलंस, मी फरश्यांचं सांगितलं.

मित्रा : मग मी काय करू?

प्रेमला मॅडम : आत्ता? तुझी फरशी हातात आहे, ती टाक. मला टँकरचा आवाज येतोय.

मित्रा : मध्ये टाकू?

प्रेमला मॅडम : मला विचारू नकोस.

मित्रा : टाकली. दोन बाजू लाल झाल्या. शी, कसं दिसतंय. थांबा, पुढची घरांची आहे. ही इथं बसते की. मॅडम, दोन्ही बाजूंची गावं एकच झाली. झेंडा उतरला. अहो, फरश्या किती आल्या बघा.

प्रेमला मॅडम : बघते. आधी हंडा उचल. गुणाबाई निघाली पुढं.

(त्याच दिवशी, मित्राच्या घरी. पाणी भरून झालं आहे. आई तारामती भांड्यांवर झाकणं ठेवतेय, बाबा रामकिशन चहा पिताहेत.)

आई : दोनच हंडे? लाइनीत एवढी पुढं होतीस, मग दोनच कसे?

मित्रा : तिसऱ्याला टँकर संपला. गुणाबाईनं पाइपच सोडला न्हाई.

आई : आणि तू त्या मॅडमपाशी बसून काय करून राहिली होतीस? मला वरून दिसलं. डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या दोघी.

मित्रा : भूगोल.

आई : दहावी झाली की तुझी.

बाबा : विचारू दे गं. चांगल्या माणसाजवळ बसली, खामखा कशाला बोलतीस. मॅडम काय म्हणल्या, मित्रा? जिल्ह्याचं काही निघालं का?

मित्रा : निघालं. त्या नोकरीला लागल्या तेव्हापासून फाईल मुंबईलाच आहे म्हणल्या.

बाबा : तवाची फाईल वेगळी. ही नवी हाय. आज हापिसात आमचे बडे बाबू सांगून राहिले, यंदा पक्कं. कलेक्टर हापिस आपल्या ह्या रोडला येणार. आपलं घर एकदम मोक्यावर.

आई : हाव, मोक्यावर. टाकी बांधा म्हणलं तर जिल्हा झाला की नळ येणार. न्हाणीला दार लावा म्हणलं तर रस्ता रुंद होणार, न्हाणी पडणार, दार कशाला. सात वर्सं झाली, मी पडद्याआड अंघोळ करते. वारं सुटलं की एका हातानं पडदा धरायचा, एका हातानं तांब्या.

बाबा : पडद्यानं काय बिघडलं?

आई : तुम्ही करा ना अंघोळ वाऱ्यात. तुम्ही तर हापिसच्या नळावर जाता.

मित्रा : आई, बाबा, दोघं जरा बसा. मला बोलायचंय.

बाबा : बसलोच हाय मी.

आई : मला झाकणं ठेवू दे, कान मोकळे हायत.

मित्रा : न्हाई, बस. बाबा, शनिवारी नाव पक्कं करायची शेवटची तारीख आहे.

बाबा : मित्रा, ते झालं आपलं बोलून. मी काय नको म्हणलो का? शीक म्हणलो. फक्त इथं शीक म्हणलो. एक वर्स अकरावी कर, मग पॉलिटेक्निक दारात.

मित्रा : आणि न्हाई आलं दारात तर?

बाबा : येणार.

मित्रा : कोण म्हणलं?

बाबा : बडे बाबू.

मित्रा : बड्या बाबूंची पोरगी कुठं शिकते?

आई : सांगा ना.

बाबा : ती पुण्याला हाय. पण त्यांचं वेगळं, त्यांचे नातलग हायत तिथं.

मित्रा : माझी मावशी मुदखेडला आहे. नांदेडहून गाडीनं किती लांब? रविवारी तिच्याकडं जेवून परत हॉस्टेलला.

बाबा : हॉस्टेलात पाणी तरी हाय का? नांदेडला पण दोन दिवसाआड म्हणून राहिले.

मित्रा : इथं कुठं रोज आहे? आत्ताच तिसरा हंडा रिकामा आणला मी.

बाबा : लई बोलायला लागलीस गं तू. काल तर मान खाली घालून होतीस. आज काय झालं?

मित्रा : आज मी प्रेमला मॅडमला जाऊन एक गोष्ट विचारली. लई भीती वाटून राहिली होती. विचारल्यावर काहीच झालं न्हाई. उलट त्या हसल्या.

आई : काय विचारलं?

मित्रा : ते त्यांना विचारून सांगते. बाबा, तुम्हाला खरंच जिल्ह्यासाठी थांबवायचंय का मला?

बाबा : म्हणजे?

मित्रा : म्हणजे खरं कारण सांगा.

आई : सांगा की आता. चहा गार झाला, तरी कपात बघून राहिले.

बाबा : खरं कारण काय असणार. संध्याकाळी हापिसातून आलो की हिचा आवाज आधी कोपऱ्यावर ऐकू येतो, मग घर दिसतं. ही गेल्यावर ह्या घरात बोलणार कोण?

आई : मी काय मुकी हाय?

बाबा : तू बोलत न्हाईस, तू ऐकवतीस. फरक हाय.

आई : मग हिला शिकू द्या, तवर मी बोलायचं शिकते. न्हाणीला दार लावलंत तर लवकर शिकीन.

मित्रा : बाबा, मी रोज फोन करीन. तुम्ही कोपऱ्यावर आलात की उचला.

बाबा : एकटी राहशील?

मित्रा : थोडी चुकीन. सगळं जुळंल असं न्हाई. पण राहीन.

बाबा : सिव्हिल म्हणजे रस्ते, पूल, ह्याचंच असतं ना?

मित्रा : पाण्याच्या टाक्या पण.

आई : ऐकलं का? टाक्या.

बाबा : ऐकलं. मग विचार, काय विचारायचं ते. मी काय म्हणतो ते बघू.

मित्रा : विचारायचं न्हाई बाबा, सांगायचंय. शुक्रवारच्या गाडीनं मी नांदेडला चालले. शनिवारी नाव पक्कं करते. तुम्ही सोबत आलात तर दोघं जाऊ, न्हाई आलात तर मावशीला स्टेशनवर बोलावते. आणि जिल्हा झाला की मला कळवा, मी सुट्टीला बघायला येईन.