मागाच्या सागवानाची गिटार

आमच्या ऑर्केस्ट्रातला श्रीनू तुम्हाला भेटलेला नाही, म्हणून इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडावर तुम्ही एवढ्या शांतपणे बोलताय. या पठ्ठ्यानं आजोबांच्या हातमागाचं सागवान कापून गिटार करून घेतली होती. मी एकदाच म्हणालो, "अरे, आवाज तारांतून आणि तारांखालच्या चुंबकाच्या पिकअपमधून येतो. लाकडाचं काय एवढं?"

"तू कीबोर्डवाला, तुला काय कळणार! जन्मभर मागाचा ठेका ऐकलाय या लाकडानं. तो आत मुरलाय."

गिटारच्या कडेला एक भोक होतं. ती मागाची खूण म्हणून त्यानं बुजवू दिलं नाही. वर कार्यक्रमाआधी तिथं उदबत्ती खोचायचा!

एका रविवारी त्याच्या घरी तालीम होती. आई चहा घेऊन आल्या, गिटार निरखून बघितली आणि त्या भोकात बोट घातलं.

"शिनू, हे आपल्या जुन्या न्हाणीघराचं दार न्हवं का? ही कडीची जागा की!"

"नाही गं, आजोबांचा माग आहे."

"माग माळ्यावर तसाच हाय की, पोत्याखाली."

आम्हाला वाटलं, आता तरी याचं तोंड बंद होईल. श्रीनूनं डोळे मिटून एक तार छेडली.

"तरीच! न्हाणीघरात आवाज कसा घुमतो? ते सगळं उतरलंय यात."

परवा माझ्याकडे आला, तो थेट आमच्या न्हाणीघराच्या दारावर टकटक करून कान लावून उभा राहिला. आतून माझे सासरे खेकसले, "अरे, आंघोळ तरी करू द्या की!"

श्रीनूनं मान डोलावली. "अस्सल साग!"